वेदनेची वही

पेन क्लिनिकमध्ये पहिल्या भेटीत एक प्रश्न ठरलेला असतो. "शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही. तुमचं किती?" चार-पाच वर्षं दुखणं अंगावर काढलेला माणूस क्षणभर थांबतो आणि म्हणतो, "आठ." डॉक्टर आठ लिहून घेतात. पण त्या आठात काय काय असतं! रात्री कूस बदलताना निघालेली कळ असते. एसटीत तासभर बसवणार नाही म्हणून टाळलेलं भाचीचं लग्न असतं. "दिसायला तर ठणठणीत आहात की!" हे हसून ऐकून घेणं असतं.

औषधं झाली, व्यायाम झाले, मणक्यात इंजेक्शनं झाली, काहींच्या बाबतीत मणक्याची शस्त्रक्रियाही झाली. तरी दुखणं हटलं नाही, की कधीतरी 'स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटर'चं नाव कानावर येतं. मज्जारज्जूजवळ बारीक तारा आणि कातडीखाली बॅटरी बसवून वेदनेचा जोर कमी करणारं हे उपकरण. त्याची तयारी म्हटलं की रक्ततपासण्या आणि पैशांची जुळवाजुळव एवढंच डोळ्यांपुढे येतं. माझं सांगणं असं, की तयारीची पहिली वस्तू म्हणजे शंभर पानी साधी वही. ती का, हे समजण्यासाठी आधी उपकरण समजून घ्यायला हवं.

दुखण्याचं दार

ठेच लागली की आपण अंगठा घट्ट दाबून धरतो, चोळतो आणि कळ जरा ओसरते. हे असं का होतं, याचं सूत्रबद्ध उत्तर रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी 1965 मध्ये मांडलं. स्पर्शाचे संदेश जाड तंतूंमधून जातात, वेदनेचे बारीक तंतूंमधून. मज्जारज्जूत जणू एक दार आहे आणि स्पर्शाचे संदेश जोरात आले की ते वेदनेसाठी अर्धवट लोटलं जातं. दोनच वर्षांनी, 1967 मध्ये, अमेरिकेतले न्यूरोसर्जन नॉर्मन शीली यांनी कर्करोगाच्या वेदनांनी त्रस्त असलेल्या एका रुग्णाच्या मज्जारज्जूवर विजेचे सौम्य झटके देणारं उपकरण बसवलं. आजच्या स्टिम्युलेटरचा तो पूर्वज.

दाराचं हे चित्र पुढे बरंच बदललं. जुन्या पद्धतीत दुखऱ्या भागात मुंग्यांसारखी झिणझिण जाणवते. सेकंदाला दहा हजार स्पंदनं देणाऱ्या नव्या पद्धतीत काहीच जाणवत नाही, तरी अनेकांचं दुखणं कमी होतं. म्हणजे दार लोटण्यापलीकडेही काहीतरी घडत असणार. एक गोष्ट मात्र दोन्ही पद्धतींत सारखी आहे. उपकरण दुखण्याचं मूळ काढत नाही. सरकलेली गादी जागेवर बसत नाही, झिजलेला मणका भरून येत नाही. मेंदूपर्यंत पोहोचणारी वेदना तेवढी कमी होते.

आपल्याकडे शब्द आहेत

याच मेल्झॅक यांनी रुग्णांच्या तोंडचे वेदनेचे शब्द वर्षानुवर्षं गोळा केले आणि 1975 मध्ये त्यांतून एक प्रश्नावली सिद्ध केली. तीत 78 शब्द 20 गटांत लावलेले आहेत. दुखणं किती आहे यासोबत ते कसं आहे, हेही विचारलं पाहिजे, हा त्यामागचा आग्रह.

मराठी माणसाला तर हे शब्द शिकवावे लागत नाहीत. ठणका, कळ, सणक, चमक, रग, ठुसठुस, भगभग, चुरचुर, शूळ. पण दवाखान्यात गेलो की आपण ते उंबऱ्याबाहेर ठेवतो आणि "पेन होतंय" एवढंच सांगतो. खरं तर आजी-आजोबांच्या तोंडचे हे शब्दच डॉक्टरांच्या कामाचे असतात. पायात आग होते, करंट मारल्यासारखी चमक जाते, मुंग्या येतात, तळवा बधिर वाटतो, ही बहुधा दुखावलेल्या नसेची भाषा. बसून बसून कंबर अवघडते, रग लागते, वाकलं की ठणकते, ही अनेकदा सांधे-स्नायूंची. स्टिम्युलेटरचा उपयोग मुख्यतः पहिल्या प्रकारात होतो. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर आपल्या दुखण्याचं आपल्या भाषेत वर्णन लिहावं. कुठे सुरू होतं, कुठवर जातं, कशानं वाढतं, कशानं उतरतं. कमरेचं वेगळं आणि पायाचं वेगळं.

पुरावे मात्र दोन्ही बाजूंचे आहेत. मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतरही पाय दुखत राहिलेल्या 100 रुग्णांचा एक अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनंतर स्टिम्युलेटर बसवलेल्यांपैकी 48 टक्के रुग्णांची पायाची वेदना निदान निम्म्यानं कमी झाली होती; केवळ नेहमीचे उपचार घेतलेल्यांत हे प्रमाण 9 टक्के होतं. मधुमेहानं पायांच्या नसा दुखावलेल्यांसाठीही 2021 मध्ये अमेरिकेत अशा उपकरणाला मान्यता मिळाली. दुसरी बाजूही तितकीच ठाम आहे. 2022 मध्ये नॉर्वेतल्या 50 रुग्णांवर झालेल्या अभ्यासात उपकरण कधी चालू आणि कधी बंद ठेवलं होतं, ते कधी कोणत्या स्थितीत आहे हे रुग्णांना कळू न देता. दोन्ही काळांत त्यांच्या हालचालींच्या अडचणींत लक्षणीय फरक पडला नाही. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या 2023 च्या कॉक्रेन आढाव्यानंही कंबरदुखीसाठीच्या वापराबद्दल गंभीर शंका घेतली. म्हणून "माझ्या प्रकारच्या दुखण्यात याचा पुरावा काय आहे?" हा प्रश्न संकोच न करता विचारावा. चांगले डॉक्टर त्याचं स्वागतच करतात.

काही दिवसांची चाचणी

या शस्त्रक्रियेची मोठी सोय अशी, की कायमचं उपकरण बसवण्याआधी ते वापरून बघता येतं. चाचणीच्या दिवशी रुग्णाला पालथं झोपवतात, पाठीची जागा बधिर करतात आणि एक्स-रेच्या पडद्यावर बघत सुईवाटे बारीक तार आत सरकवतात. दुखणं कमरेचं किंवा पायाचं असलं, तरी तार बहुतेक वेळा पाठीच्या मधल्या-खालच्या भागापर्यंत नेतात; हे ऐकून अनेक जण चकित होतात. तार मज्जारज्जूच्या आत शिरत नाही, त्याच्या आवरणाबाहेरच्या पोकळीत राहते. झिणझिण देणाऱ्या पद्धतीत रुग्णाला बहुधा जागं ठेवतात, कारण "आता कुठे जाणवतंय?" याचं उत्तर त्याच्याशिवाय कुणीच देऊ शकत नाही. तारेचं टोक बाहेर ठेवून ते एका छोट्या यंत्राला जोडतात आणि रुग्णाला साधारण तीन ते दहा दिवसांसाठी घरी पाठवतात.

वहीचं खरं काम इथे सुरू होतं. निदान निम्मा आराम पडला तर चाचणी यशस्वी, असा सर्वसाधारण दंडक आहे. पण निम्मा कशाच्या? दीर्घ दुखण्यानं माणसाची तुलना करण्याची शक्तीच बोथट होते. गेल्या मंगळवारी किती दुखत होतं, हे धडधाकट माणसालाही आठवत नाही. त्यात आशा असते, खर्चाचं दडपण असतं, घरच्यांचे उत्सुक चेहरे असतात. "बरं वाटतंय ना?" असं चौघांनी विचारलं की तोंडातून "हो" निघूनच जातं.

यासाठी चाचणीच्या आधी दोन आठवडे रोज चार ओळी लिहाव्यात. झोप किती तास लागली आणि कितीदा मोडली. न थांबता किती चाललो. एका जागी किती वेळ बसलो. किती गोळ्या लागल्या. शिवाय पुन्हा करता यावीत अशी तीन कामं आधीच लिहून ठेवावीत. "बरं व्हायचंय" हे काम नव्हे. "वाण्याच्या दुकानापर्यंत चालत जाऊन यायचंय", "पोळ्या होईपर्यंत ओट्याशी उभं राहायचंय", "रात्री सलग चार तास झोपायचंय" ही कामं. चाचणीच्या दिवसांत वाकू नये, ओझं उचलू नये, ड्रेसिंग भिजवू नये, ही पथ्यं सांभाळून हीच कामं करून बघायची आणि त्याच चार ओळी लिहीत राहायच्या. नेहमीच्या गोळ्या मनानं बंद करू नयेत, नाहीतर फरक उपकरणाचा की गोळ्यांचा, हे कळणार नाही.

चाचणीत आराम पडला नाही तर तार काढून टाकतात. अशा वेळी खचू नये. एक मोठा खर्च आणि एक नको असलेली शस्त्रक्रिया टळली, ही त्या आठवड्याची कमाईच आहे.

मनाची तपासणी

शस्त्रक्रियेआधी मानसतज्ज्ञांची भेट सांगितली, की बरेच जण दुखावतात. "म्हणजे माझं दुखणं मनाचा खेळ वाटतंय का यांना?" तसं मुळीच नाही. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं 2020 मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा सोबत स्पष्ट नोंदवलं की माणूस दुखतंय म्हणतो, तर त्या म्हणण्याचा मान राखला पाहिजे. मात्र नैराश्य, मोडलेली झोप आणि "हललं की काहीतरी तुटेल" ही भीती वेदनेला खतपाणी घालतात. त्यांच्यावर आधी उपचार झाले, तर उपकरणाचा फायदा मिळण्याची शक्यता वाढते. या भेटीला घरातलं एक माणूस बरोबर न्यावं. दुखणं एकाचं असलं तरी त्याच्याभोवती सगळं घर वळलेलं असतं.

शरीराची आणि घराची तयारी

शरीरात बाहेरची वस्तू बसवायची म्हटल्यावर जंतुसंसर्ग हा मोठा धोका. तो झाला तर बहुतेकदा सगळं उपकरण काढावं लागतं. म्हणून साखर आटोक्यात आणायची. विडी, सिगारेट, तंबाखू आणि मिश्रीही बंद करायची. निकोटिन कोणत्याही वाटेनं आलं तरी जखम भरायला आडवं येतं. किडलेला दात, गळू, टाचेची चिघळलेली भेग, लघवीची जळजळ, आदल्या दिवशीची कणकण, काहीही लपवू नये. चार दिवस पुढे ढकलणं केव्हाही स्वस्त. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर पाठीच्या कण्यात रक्त साकळण्याचा धोका असतो. पण हृदयासाठीच्या त्याच गोळ्या परस्पर थांबवणंही धोक्याचं. हृदयाचे डॉक्टर आणि शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर यांनी आपसात बोलून तारखा ठरवायच्या. काढे, चूर्णं, लसणाच्या कॅप्सूल, सगळं सांगायचं. पेसमेकर असेल तर तो पहिल्याच भेटीत.

बॅटरी बहुधा नितंबाच्या वरच्या भागात किंवा कुशीजवळ बसवतात. परकराची नाडी किंवा पँटचा पट्टा कुठे येतो, कोणत्या कुशीवर झोपता, भिंतीला टेकून बसता का, हे सांगून उभं असताना आणि बसलेलं असताना अशा दोन्ही स्थितींत बघून जागेची खूण करून घ्यावी. चार्ज करायची बॅटरी जास्त वर्षं टिकते, पण ती नेमानं चार्ज करावी लागते. चार्ज न करावी लागणारी विनाकटकट, मात्र काही वर्षांनी छोटी शस्त्रक्रिया करून बदलावी लागते. ऐंशीच्या आजींना कोणती झेपेल, हे घरानं मिळून ठरवावं.

कायमचं उपकरण बसल्यावर सहा ते आठ आठवडे वाकणं, कमरेत वळणं, ओझं उचलणं आणि हात डोक्यावर नेणं टाळायचं असतं. तारेभोवती पेशींची पकड बसेपर्यंत ती थोडी जरी सरकली तरी परिणाम भलतीकडे जातो. आपल्या घरांत याचा अर्थ खूप काही होतो. दांडीवर कपडे वाळत घालायचे नाहीत. वरच्या फळीवरचे डबे आणि ओट्याखालचा कुकर आधीच कमरेच्या उंचीला आणून ठेवायचे. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोडची खुर्ची आणायची. केर-फरशी, पाण्याची कळशी, देवापुढचं साष्टांग नमन, सगळ्याला तात्पुरती सुटी.

एक सूचना कायमची. फिजिओथेरपीच्या दवाखान्यात विजेच्या लहरींनी दिला जाणारा खोलवरचा शेक, म्हणजे डायथर्मी, या रुग्णांना कधीही द्यायचा नाही. तारा तापून मज्जारज्जूला गंभीर इजा होऊ शकते. गुडघ्यासाठी गेलात तरी आधी सांगायचं. एमआरआय किंवा दुसरी कुठली शस्त्रक्रिया ठरली, तरी उपकरणाचं कार्ड आधी दाखवायचं.

खर्च लाखांच्या घरात जातो, म्हणून विम्याची मंजुरी लेखी घ्यावी. बॅटरी बदलताना किती लागतील, तार सरकली तर दुरुस्ती कोण करणार, एमआरआय चालेल का, यंत्राचं प्रोग्रॅमिंग कुठे होणार, हेही वहीत लिहून न्यावं. सिंधुदुर्ग किंवा गडचिरोलीच्या रुग्णाला दर खेपेला मुंबई-पुणे-नागपूर गाठावं लागणार असेल, तर तो प्रवासही उपचाराचाच भाग आहे.

चाचणीच्या शेवटच्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न येतो. "किती?" आकडा सांगावाच. पण त्याच्याबरोबर वही टेबलावर ठेवावी. तिच्यात लिहिलेलं असेल, 'बुधवार. वाण्याकडे जाऊन आले. वाटेत एकदा थांबले. आग कमी, रग तशीच. रात्री साडेतीन तास सलग झोप.' किंवा लिहिलेलं असेल, 'फरक नाही.' दोन्हींपैकी काहीही असलं तरी पुढची वाट त्यावरून ठरते, आणि ती ठरवणारे शब्द तुमचे असतात.