भूतानमधली एक रात्र केवढ्याला?

भूतानची लोकसंख्या सुमारे पावणेआठ लाख. समुद्रकिनारा नाही, आणि सपाट जमीन इतकी कमी की पारोच्या विमानतळावर विमान उतरवायला खास प्रशिक्षण घेतलेले मोजकेच वैमानिक चालतात. या देशाने 1974 साली परदेशी पर्यटकांना दार उघडले, ते राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांच्या राज्याभिषेकाच्या वर्षी. सोहळ्याच्या पाहुण्यांसाठी हॉटेले बांधली होती, तीच पुढे पर्यटकांच्या कामी आली. त्या वर्षी पर्यटक आले 287.

शेजारच्या काठमांडूत तेव्हा हिप्पींची रीघ होती. भूतानने ती वाट धरली नाही. माणशी रोजचा किमान दर सरकारनेच बांधून दिला. वाढत वाढत तो हंगामात 250 डॉलरवर गेला. हा आकडा ऐकून पुष्कळांना धडकी भरायची, पण त्यात हॉटेल, जेवण, गाडी, गाइड सगळे आले. सरकारच्या तिजोरीत त्यातले जायचे 65 डॉलर. भारतीयांना मात्र यातले काहीच लागू नव्हते. परिणामी 2019मध्ये आलेल्या सुमारे 3 लाख 15 हजार पर्यटकांपैकी 2 लाख 30 हजारांवर भारतीय होते. त्यात महाराष्ट्रातून बागडोगरामार्गे फुंटशोलिंगच्या वेशीतून शिरणारे सहलींचे जथेही होतेच.

करोनाकाळात दार बंद झाले आणि सप्टेंबर 2022मध्ये उघडले ते नव्या हिशेबाने. किमान दराची सक्ती गेली. त्याऐवजी परदेशी पर्यटकाला रात्रीमागे 200 डॉलर ‘शाश्वत विकास शुल्क’, आणि राहण्याजेवण्याचा खर्च वेगळा. भारतीयांना हेच शुल्क रात्रीमागे 1200 रुपये. चौघे मोठे पाच रात्री राहिले, तर नुसत्या शुल्काचे 24 हजार.

शुल्क असावे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. जंगलाचे प्रमाण साठ टक्क्यांखाली जाऊ देणार नाही, असे राज्यघटनेतच लिहिणाऱ्या देशाला ते मागण्याचा पूर्ण हक्क आहे. गांगखर पुएनसुम हे 7570 मीटरचे शिखर आजही कोणी सर केलेले नाही. गिर्यारोहणावर बंदी घालून या देशाने मोठ्या कमाईवर पाणी सोडले आहे. अडचण आहे ती शुल्क रात्रींवर मोजण्याची.

थिंफूहून पूर्वेच्या त्राशिगांगला रस्त्याने जायचे, तर दोन-तीन दिवस मोडतात. पूर्व भूतान पाहायचा म्हणजे सहलीत पाच रात्री तरी वाढल्या. 200 डॉलरच्या दराने जोडप्याला त्या पाच रात्रींचे शुल्कच 2000 डॉलर. मग माणूस काय करतो? पारो, थिंफू, पुनाखा, तक्तसांग मठाची चढण, आणि परत. ज्या गावांना पर्यटकाच्या पैशाची सर्वांत जास्त गरज आहे, तिथवर तो पोहोचतच नाही. थिंफूचे मोठे हॉटेल तग धरते, आणि दूरच्या खोऱ्यात घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी सजवलेले कुटुंब वाट पाहत राहते.

सरकारच्याही हे ध्यानात आले. जून 2023मध्ये चार दिवसांचे शुल्क भरा आणि आणखी चार दिवस राहा, अशी सवलत निघाली. पुढे सप्टेंबरमध्ये शुल्कच निम्मे, म्हणजे 100 डॉलर झाले. तो दर ऑगस्ट 2027पर्यंत आहे. 2023मध्ये लाखाच्या थोडे वर आलेले पर्यटक 2024मध्ये 1 लाख 45 हजारांच्या घरात गेले. दरम्यान हजारोंनी शिकलेली मुले ऑस्ट्रेलियाची वाट धरत होती, त्यांत गाइड आणि हॉटेलातली मुलेही होती. पर्यटक परत आणता येतो. दहा वर्षांचा अनुभव असलेला गाइड परत आणणे त्याहून अवघड.

फोब्जिखाच्या खोऱ्यात मात्र घडी नीट बसलेली दिसते. तिबेटातून हिवाळ्यात काळ्या मानेचे क्रौंच तिथे उतरतात. तारांवर आदळून ते मरू नयेत म्हणून विजेच्या तारा जमिनीखालून नेल्या आहेत. खोऱ्यात खांब नाहीत, बटाट्याची शेते आहेत, मधे पाणथळ आहे. दर 11 नोव्हेंबरला गांगतेच्या मठाच्या अंगणात शाळेची मुले क्रौंचाचा वेश करून नाचतात, आणि आलेले पाहुणे गावकऱ्यांच्याच घरी उतरतात. इथे पाहुण्याला थांबायला कारण आहे. शुल्क जड वाटत नाही ते अशाच ठिकाणी.

माझ्या मते पहिल्या काही रात्रींनंतर शुल्क उतरत जावे, आणि पूर्वेकडच्या जिल्ह्यांत तर ते नसावेच. आसामच्या दरंगा सीमेवरून परदेशी पर्यटकांनाही पूर्व भूतानमधल्या सामद्रुप जोंगखारला जाण्याची सोय नोव्हेंबर 2024मध्ये झाली. भारतीयांना ती वाट आधीपासून होती. मुंबई-पुण्याच्या सहल कंपन्यांनी गुवाहाटीला उतरून तिथून आत शिरावे, त्राशिगांग आणि बुमथांग आधी पाहावे, आणि पारोहून बाहेर पडावे. गेलेल्या वाटेने परत येण्याच्या रात्री त्यात वाचतात.