क्लिक आणि खटका
‘क्लिक’ हा इंग्रजीतील ध्वनिवाचक, म्हणजे आवाजाच्या अनुकरणातून घडलेला शब्द असून, छायाचित्र टिपणे, माउसचे बटण दाबणे, एखादी गोष्ट अचानक उमगणे असे त्याचे अर्थ विस्तारले आणि जळगाव-धुळ्याच्या बोलण्यातही तो रुळला. मराठी ‘खटका’ मात्र त्याहून समृद्ध आहे. बंदुकीचा चाप, विजेचे बटण, दोघांतील तंटा, गायनातील स्वरांचा जलद अलंकार आणि मनाला टोचणारे ‘खटकणे’ हे सारे एका ‘खट्’ नादाचे कुटुंब होय. अशा नादातून घडलेल्या शब्दांना पोरकट मानणे अन्यायाचे आहे; शब्दांची मुळे शोधणे हे गंभीर काम आहे. १९२६ मध्ये धुळ्यात निधन पावलेल्या इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी मराठी धातू, म्हणजे क्रियापदांची मुळे, कष्टाने जमवली आणि त्यांचा ‘मराठी धातुकोश’ त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला.