ब्रेक्झिट : कौल मिळाला, पण कायदा कुठे होता?

२३ जून २०१६ रोजी ब्रिटनच्या मतदारांना एकच प्रश्न विचारला गेला. युरोपियन युनियनमध्ये राहायचे की बाहेर पडायचे? ७२ टक्के मतदान झाले. जवळपास ५२ टक्के लोकांनी बाहेर पडा म्हटले, ४८ टक्क्यांनी राहा म्हटले. फरक साधारण १२ लाख ७० हजार मतांचा. दुसऱ्याच दिवशी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी राजीनामा जाहीर केला. देश प्रत्यक्षात बाहेर पडला तो ३१ जानेवारी २०२० रोजी. मध्ये साडेतीन वर्षे गेली, दोन सार्वत्रिक निवडणुका झाल्या, थेरेसा मे आल्या आणि गेल्या, बोरिस जॉन्सन आले आणि सर्वोच्च न्यायालयाला दोनदा मध्ये पडावे लागले.

संविधानाच्या अभ्यासवर्गात ब्रेक्झिटचा विषय निघाला की तरुण मुले आम्हाला हमखास विचारतात, "लोकांनी सांगितले बाहेर पडा, मग सरकारने बाहेर पडायचे. त्यात एवढा गोंधळ कसला?" प्रश्न रास्त आहे. ब्रेक्झिटबद्दल मराठीत जे छापून आले त्यात बाजार, पाऊंड आणि व्हिसा हेच जास्त होते. या गोंधळाचे मूळ मात्र राज्यघटनेच्या प्रश्नात आहे, म्हणून तो आपल्या कामाचा आहे.

ब्रिटनकडे आपल्यासारखे एका ग्रंथात बांधलेले संविधान नाही. तिथली राज्यव्यवस्था संसदेने वेळोवेळी केलेले कायदे, न्यायालयांचे निवाडे आणि पिढ्यान्‌पिढ्या पाळत आलेले संकेत या तिन्हींवर उभी आहे. संसद सर्वोच्च. तिने आज केलेला कायदा उद्या तिलाच साध्या बहुमताने रद्द करता येतो. अशा व्यवस्थेत सार्वमताचे स्थान काय? २०१५ च्या सार्वमत कायद्यात मतदान कसे घ्यायचे ते लिहिले होते. निकाल लागल्यावर सरकारने काय करायचे, याबद्दल एक अक्षर नव्हते. हे अज्ञानातून झाले असे म्हणता येणार नाही. निवडणूक पद्धतीवर २०११ मध्ये सार्वमत झाले तेव्हा निकालाची अंमलबजावणी कशी करायची ते त्या कायद्यातच लिहिलेले होते. २०१५ मध्ये ते गाळले गेले. म्हणजे कायद्याच्या नजरेत हे सार्वमत सल्ला होते आणि राजकारणाच्या नजरेत आज्ञा.

शिवाय 'बाहेर' म्हणजे नेमके कुठे, हे मतपत्रिकेवर नव्हते. नॉर्वे युरोपियन युनियनचा सदस्य नाही, पण युनियनच्या एकसंध बाजारपेठेत आहे. तसे राहायचे? की बाजारपेठ, जकात संघ, लोकांची मुक्त ये-जा, सगळेच सोडायचे? प्रत्येक मतदाराने आपापल्या मनातल्या 'बाहेर'ला मत दिले होते. स्कॉटलंडमध्ये ६२ टक्के आणि उत्तर आयर्लंडमध्ये जवळपास ५६ टक्के लोकांनी तर राहायलाच मत दिले होते.

पहिली कायदेशीर लढाई झाली ती बाहेर पडण्याची नोटीस कोणी द्यायची यावर. युनियनच्या कराराच्या कलम ५० प्रमाणे सदस्य देशाने नोटीस दिली की दोन वर्षांचे घड्याळ सुरू होते. पंतप्रधान मे यांचे म्हणणे होते की परराष्ट्र करार करणे आणि मोडणे हा राजाच्या नावाने सरकार वापरत आलेला विशेषाधिकार आहे, त्यासाठी संसदेला विचारण्याची गरज नाही. जीना मिलर या भारतीय वंशाच्या, ब्रिटिश गयानात जन्मलेल्या महिलेने याला न्यायालयात आव्हान दिले. तिचा मुद्दा सोपा होता. १९७२ मध्ये संसदेने कायदा करून युरोपचे कायदे देशात आणले, त्यातून नागरिकांना हक्क मिळाले. संसदेने दिलेले हक्क मंत्री परस्पर कसे काढून घेतील?

नोव्हेंबर २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. दुसऱ्या दिवशी एका मोठ्या वृत्तपत्राने तीन न्यायाधीशांचे फोटो छापून त्यांना जनतेचे शत्रू ठरवले. मिलर यांना ठार मारण्याच्या, बलात्काराच्या धमक्या आल्या. स्त्रीने, तेही गोऱ्या नसलेल्या स्त्रीने, सत्तेला कायद्याचा प्रश्न विचारला की काय होते हे आपल्याला वेगळे सांगायला नको. २४ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या अकरापैकी आठ न्यायाधीशांनी तोच निकाल कायम केला. मग संसदेने छोटासा कायदा केला आणि २९ मार्च २०१७ रोजी नोटीस गेली. न्यायालयाने ब्रेक्झिट अडवले असा प्रचार तेव्हा खूप झाला. न्यायालयाने फक्त दरवाजा दाखवला होता, जायचे की नाही ते संसदेवर सोडले होते.

याच निकालात आणखी एक गोष्ट होती, तिची चर्चा कमी झाली. स्कॉटलंडच्या संसदेच्या अखत्यारीतल्या विषयांवर लंडनची संसद सहसा तिच्या संमतीशिवाय कायदा करत नाही, असा संकेत आहे. हा संकेत २०१६ मध्ये कायद्यातही लिहिला गेला होता. तरी सर्व न्यायाधीशांनी एकमुखाने सांगितले की तो राजकीय संकेतच आहे आणि न्यायालय तो कोणावर लादू शकत नाही. कायद्याच्या पुस्तकात छापलेले वाक्यसुद्धा हक्क देईलच असे नाही, हे स्कॉटलंडला त्या दिवशी कळले.

नोटीस दिल्यावर मे यांनी २०१७ ची निवडणूक घेतली आणि हातातले बहुमत घालवून बसल्या. पुढे युनियनशी त्यांनी जो करार केला तो जानेवारी २०१९ मध्ये संसदेने ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला. मार्चमध्ये आणखी दोनदा फेटाळला. काहींना तो करार फार मऊ वाटत होता, काहींना फार कडक, काहींना मुळात बाहेरच पडायचे नव्हते. 'हे नको' यावर संसदेत बहुमत होते, 'हे हवे' यावर कधीच झाले नाही. २९ मार्चची तारीख आधी १२ एप्रिल, मग ३१ ऑक्टोबरपर्यंत गेली.

आणि मग जॉन्सन आले. कराराशिवायही ३१ ऑक्टोबरला बाहेर पडू, असे त्यांनी जाहीर केले. २८ ऑगस्ट २०१९ रोजी त्यांनी राणीला सल्ला दिला की संसदेचे अधिवेशन संस्थगित करावे. नवे अधिवेशन बोलावण्यापूर्वी काही दिवस संसद बंद ठेवणे ही तिथली जुनी रीत आहे. पण यावेळी ती पाच आठवडे बंद राहणार होती, तेही मुदत संपायला दोन महिने उरले असताना. राणीने सल्ला मानला, कारण राणीने पंतप्रधानांचा सल्ला मानायचा हाही संकेतच.

लंडनच्या उच्च न्यायालयाने सांगितले की हा राजकारणाचा विषय आहे, आम्ही त्यात पडणार नाही. एडिनबर्गच्या न्यायालयाने सांगितले की हे बेकायदेशीर आहे. एकाच देशातली दोन न्यायालये, एकच कृती आणि दोन उलटी उत्तरे. २४ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या अकराही न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला. अध्यक्षा लेडी हेल यांनी तो वाचून दाखवला. सरकारला जाब विचारणे हे संसदेचे कामच आहे आणि ते काम इतक्या मोक्याच्या काळात बंद पाडण्याचे कोणतेही सबळ कारण सरकारने दिलेले नाही, असे न्यायालयाने म्हटले. संस्थगितीचा आदेश कोऱ्या कागदासारखा ठरला. दुसऱ्या दिवशी संसद पुन्हा भरली.

इथे बाबासाहेबांचे ४ नोव्हेंबर १९४८ चे संविधान सभेतले भाषण पुन्हा काढून वाचावे. मसुद्यात कारभाराचे इतके बारीक तपशील कशाला भरले, अशी टीका होत होती. बाबासाहेबांनी ग्रीसचा इतिहासकार ग्रोट याचा आधार घेऊन संविधानिक नैतिकतेचा मुद्दा मांडला. ही नैतिकता माणसात उपजत नसते, ती रुजवावी लागते आणि जिथे ती रुजलेली नाही तिथे तपशील कायदेमंडळाच्या मर्जीवर सोडणे धोक्याचे. संविधानाचे शब्द जसेच्या तसे ठेवून केवळ कारभाराची पद्धत बदलूनही त्याचा आत्मा मारता येतो, हे त्यांनी बजावले होते. लंडनमध्ये शिकलेल्या, ग्रेज इनमधून बॅरिस्टर झालेल्या माणसाचे हे निरीक्षण आहे. संकेतांवर चालणारी ती व्यवस्था त्यांनी जवळून पाहिली होती. ज्या देशाकडे बोट दाखवून त्या काळात 'बघा, तिथे न लिहिताही सगळे चालते' असे सांगितले जाई, तिथेच २०१९ मध्ये संकेत पाळायचा की वाकवायचा हे एका पंतप्रधानाच्या मर्जीवर येऊन ठेपले.

मात्र यावरून आपली पाठ थोपटून घेण्याची घाई नको. आपल्या संविधानाच्या कलम ८५ मध्ये दोन अधिवेशनांत सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर नसावे एवढेच लिहिले आहे. पाच आठवड्यांची सुट्टी त्या चौकटीत आरामात बसते. लिहिलेली मर्यादा ही किमान मर्यादा असते, इतकेच.

त्यानंतर डिसेंबर २०१९ च्या निवडणुकीत जॉन्सन ३६५ जागा घेऊन आले आणि करार मंजूर झाला. संसदेतला गोंधळ संपला, कायद्यातला संपला नाही. उत्तर आयर्लंडचेच पाहा. १९९८ च्या शांतता करारानंतर आयर्लंडच्या दोन भागांमधली सीमा जवळपास अदृश्य झाली होती. आता ती युरोपियन युनियनची सीमा झाली. तिथे पुन्हा तपासणी नाके उभे राहू नयेत म्हणून तपासणी समुद्रात, म्हणजे ब्रिटन आणि उत्तर आयर्लंड यांच्या मध्ये आणली गेली. देशातल्या देशात माल तपासायचा! सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने आपणच सही केलेला हा करार काही बाबतीत मोडणारे विधेयक आणले आणि एका मंत्र्याने संसदेत उभे राहून कबूल केले की यातून आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग होतो. ती कलमे नंतर मागे घेतली गेली. तोडगा म्हणून विंडसर आराखडा आला तो फेब्रुवारी २०२३ मध्ये.

हक्कांचे काय झाले? युरोपियन युनियनची मूलभूत हक्कांची सनद २०१८ च्या कायद्याने ब्रिटनच्या कायद्यातून वगळली गेली. बाकीचे युरोपीय मूळ असलेले कायदे तात्पुरते जसेच्या तसे ठेवले. पगारी रजा, कामाच्या तासांची मर्यादा अशा अनेक गोष्टी त्यात येतात. २०२२ मध्ये सरकारने विधेयक आणले की स्वतंत्रपणे वाचवले नाहीत ते यातले बरेचसे नियम २०२३ अखेर आपोआप रद्द होतील. कामगार संघटना आणि पर्यावरणवाल्यांनी विरोध केला. शेवटी सुमारे ६०० नियमांची यादी करून तेवढेच रद्द झाले. जातिभेदाचा प्रश्नही अशाच अर्धवट जागी उभा आहे. २०१० च्या समता कायद्यात जातीचा समावेश करण्याचे बंधन संसदेने २०१३ मध्ये सरकारवर घातले होते. जुलै २०१८ मध्ये, संसदेत ब्रेक्झिटची धामधूम असताना, सरकारने सांगितले की कायदा करणार नाही, २०१४ च्या एका न्यायाधिकरणाच्या निवाड्यावर भागवू. तो खटला बिहारमधून घरकामासाठी नेलेल्या एका महिलेचा होता. जात 'वांशिक मूळ' या शब्दात बसू शकते, असे त्या निवाड्यात म्हटले आहे. 'बसू शकते' आणि 'बसते' यातले अंतर पीडितालाच वकील लावून कापावे लागते.

आपल्या भागातल्या लोकांना याची थेट झळ बसली ती गोव्याच्या वाटेने. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना लिस्बनमध्ये जन्माची नोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व घेता येते. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे परदेशी नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व जाते. तरी हजारो गोवेकरांनी ते घेतले, पोर्तुगालमध्ये राहायला नव्हे तर युरोपियन नागरिक म्हणून ब्रिटनमध्ये काम करायला. स्विंडन शहरात आणि लंडनच्या साउथॉलमध्ये त्यांची मोठी वस्ती आहे. गोदामे, कारखाने, हॉटेले, साफसफाई अशी कामे. २०१६ च्या निकालाने या लोकांच्या पायाखालची जमीन हलली. नागरिकत्व पोर्तुगालचे, घर गोव्यात, रोजगार ब्रिटनमध्ये आणि तिथे राहण्याचा हक्क दोन सरकारांच्या वाटाघाटीवर.

तोडगा म्हणून नोंदणी योजना आली. ३१ डिसेंबर २०२० पर्यंत ब्रिटनमध्ये राहायला आलेल्यांनी ३० जून २०२१ पर्यंत अर्ज करायचा. पाच वर्षांचे सलग वास्तव्य सिद्ध झाले तर कायमचा दर्जा, नाहीतर पाच वर्षांपुरता तात्पुरता. पाच वर्षे सलग राहिल्याचा पुरावा म्हणजे पगाराच्या चिठ्ठ्या, कर भरल्याची नोंद, भाडेकरार. एका खोलीत सहा जण राहणाऱ्या, एजन्सीमार्फत आज इथे उद्या तिथे काम करणाऱ्या माणसाकडे भाडेकरार कुठून येणार? जातीच्या दाखल्यासाठी १९५० पूर्वीचा पुरावा आणा, हे ऐकून तहसील कचेरीतून रिकाम्या हाताने परतलेल्या कुटुंबांना हे दुखणे लगेच कळेल.

त्यातही तात्पुरता दर्जा मिळालेल्याने मुदत संपण्यापूर्वी पुन्हा अर्ज केला नाही, तर त्याचा राहण्याचा हक्कच संपतो, अशी सरकारची भूमिका होती. या लोकांच्या हक्कांवर लक्ष ठेवायला नेमलेल्या सरकारी प्राधिकरणानेच सरकारला न्यायालयात खेचले. डिसेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने ही भूमिका बेकायदेशीर ठरवली. बाहेर पडण्याच्या करारात मिळालेला हक्क केवळ दुसरा अर्ज राहिला म्हणून जात नाही, असे निकालात म्हटले. सप्टेंबर २०२३ पासून मुदत संपत आलेल्यांना ती आपोआप वाढवून मिळू लागली. या दर्जाचे कार्ड मात्र हातात मिळत नाही. घरमालकाला किंवा मालकाला दाखवायचा तो मोबाईलवरचा कोड. ज्यांना इंग्रजी संकेतस्थळ वापरता येत नाही, त्यांचा कोड आजही शेजारची शिकलेली मुलगी काढून देते.