दीर्घ थकव्याची व्याधी : लेखांक ६
उभे राहणे जेव्हा सोसत नाही

मैलभर चालवत नाही ही तक्रार कोणालाही समजते. परंतु बसल्या जागी नीट बोलणारी स्त्री जेव्हा सांगते की, पोळ्या लाटायला उभे राहिले की डोके रिकामे होते, शब्द कानांवर पडतात पण त्यांचा अर्थ लागत नाही आणि ओट्याची कड धरावी लागते, तेव्हा घरचीच माणसे तिच्यावर आळसाचा आरोप ठेवून मोकळी होतात. क्रॉनिक फटीग सिंड्रोमच्या रोग्यांवर होणाऱ्या अन्यायांत हा अन्याय मला सर्वांत क्रूर वाटतो. वैद्यक या अवस्थेला ऑर्थोस्टॅटिक इनटॉलरन्स म्हणते, आणि अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ साली या व्याधीच्या निदानाचे जे निकष ठरविले, त्यांत तिचा उघड समावेश आहे.

मनुष्य उभा राहताच अर्धा ते पाऊण लिटर रक्त गुरुत्वाकर्षणाने पाय आणि उदर यांकडे उतरते. मानेतील रोहिणी व हृदयालगतची महारोहिणी यांच्या भिंतींतील मज्जातंतू हा फरक तत्काळ टिपतात, नाडी किंचित जलद होते, पायांतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, आणि या बंदोबस्ताची वार्ताही निरोगी माणसाला लागत नाही. रोग्याच्या शरीरात मात्र रक्ताचे एकूण प्रमाण पुष्कळदा कमी असते किंवा वाहिन्या पुरेशा आवळत नाहीत. मग काहींचे हृदय धडधडू लागते, काहींचा रक्तदाब एकाएकी कोसळतो, पावले जांभळट पडतात, आणि मेंदूला रक्त अपुरे मिळते.

बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधील पीटर रो आणि त्यांचे सहकारी यांनी १९९५ साली अशा २३ रोग्यांना कलत्या मेजावर बांधून जवळजवळ उभे केले, तेव्हा २२ जणांचा प्रतिसाद सदोष निघाला. पुढे नेदरलँड्समधील व्हान काम्पेन व फिसर यांनी रो यांच्यासह २०२० साली ४२९ रोग्यांच्या मेंदूकडे जाणारा रक्तप्रवाह मोजला असता, निरोगी माणसांत ७ टक्क्यांनी घटणारा हा प्रवाह रोग्यांत सरासरी २६ टक्क्यांनी घटलेला आढळला. आणि ज्यांची नाडी व रक्तदाब दोन्ही ठीक होते, त्यांच्यातही ही घट २४ टक्के होती. आडव्या रोग्याचा रक्तदाब पाहून ‘सर्व ठीक आहे’ असा दाखला देणाऱ्या वैद्याने हे आकडे अवश्य ध्यानात घ्यावेत, कारण ज्याची फिर्याद उभे राहण्याविषयी आहे त्याला निजवून तपासणे म्हणजे त्याची कैफियतच ऐकून न घेणे होय.

साधी तपासणी दवाखान्यातही होते. रोग्याला काही मिनिटे उताणे निजवून नाडी व रक्तदाब नोंदवावा. मग टाचा भिंतीपासून सुमारे सहा इंच दूर ठेवून, खांदे भिंतीला टेकवून त्याला निश्चल उभे करावे आणि दर मिनिटाला नोंद घेत दहा मिनिटे थांबावे. रक्तदाब न पडता प्रौढांची नाडी तीस ठोक्यांनी, अथवा बारा ते एकोणीस वर्षांच्या मुलांची चाळीस ठोक्यांनी चढून तशीच टिकली, तर पॉट्स या विकाराचा संशय घ्यावा. जवळ माणूस हवेच, आणि घेरी येऊ लागताच रोग्याला निजवावे.

उपचारांत पहिला मान पाण्याचा आणि मिठाचा. दिवसाकाठी दोन ते तीन लिटर पेय पोटात जावे व मीठ सढळ असावे. मात्र रक्तदाब, हृदय वा मूत्रपिंड यांचा विकार असणाऱ्यांनी वैद्याच्या संमतीवाचून या वाटेस जाऊ नये. कमरेपर्यंतचे घट्ट मोजे व पोटपट्टा उतरणारे रक्त अडवतात. उष्णतेने रक्तवाहिन्या सैलावत असल्यामुळे कढत पाण्याचे स्नान टाळावे, अंघोळ स्टुलावर बसून करावी, आणि आपल्याकडच्या वैशाखात तर दुपारची बाहेरची कामे दुसऱ्यावर सोपवण्याची मुभा रोग्याला निःसंकोच द्यावी. भरपेट जेवणापेक्षा थोडेथोडे खाणे बरे. भाजी निवडणे, कणीक मळणे, इस्त्री करणे ही कामे बसून होतात; रांगेत थांबणे अटळच असेल तर पायांची अढी घालून पोटऱ्या आवळाव्यात.

औषधे आहेत, परंतु कोणतेही एक सर्वांना लागू पडत नाही. रो यांच्याच २००१ सालच्या चाचणीत एकटे फ्लुड्रोकॉर्टिसोन निर्गुण गोळीपेक्षा सरस ठरले नाही. मिडोड्रिन, प्रोप्रॅनोलॉल, इव्हाब्रॅडिन यांची निवड वैद्य नाडी व रक्तदाबाच्या नोंदी पाहून करतो. व्यायामाचा प्रश्न मात्र नाजूक आहे, कारण पॉट्सच्या इतर रोग्यांना मानवणारा क्रम या व्याधीत ग्लानी उसळवू शकतो; त्याचा विचार पुढील लेखांकात करू.