तीन चौकोनांत मावलेली साथ

डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळात मुंबई बेटावर दर आठवड्याला प्लेगने किती माणसे दगावली, याच्या नोंदी सरकारी दप्तरात होत्या. आकडा आधी संथ चढतो, मग उसळतो, मग ओसरतो. वीसेक वर्षांनी एडिंबरामध्ये दोन माणसांनी त्या आकड्यांना हात घातला. अँडरसन मॅकेंड्रिक हे हिंदुस्थानात नोकरी केलेले, कसौलीच्या पाश्चर संस्थेत काम केलेले डॉक्टर. विल्यम कर्मॅक रसायनशास्त्रज्ञ. १९२४ मध्ये प्रयोगशाळेतल्या स्फोटात त्यांची दृष्टी गेली होती.

१९२७ सालच्या त्यांच्या निबंधातली समीकरणे देखणी आहेतच, पण मला थक्क करते ती त्याआधीची पायरी. अख्खे शहर त्यांनी तीन चौकोनांत बसवले: लागण होऊ शकेल असे, आजारी, आणि बरे होऊन वा मरून साथीतून बाहेर पडलेले. पहिल्यातून दुसऱ्यात एक बाण, दुसऱ्यातून तिसऱ्यात एक. वय, धंदा, चाळ, बंगला सगळे वगळले.

एवढ्या मोजक्या चित्रातून केवढे निष्पन्न व्हावे! साथ थांबायला सगळ्यांनी आजारी पडावे लागत नाही. लागण होऊ शकणाऱ्यांची संख्या एका उंबरठ्याखाली गेली, की एक रुग्ण सरासरी एकालाही रोग देऊ शकत नाही, आणि अनेकांना न शिवता साथ विझू लागते.

गणितातून निघालेली रेषा मुंबईच्या आकड्यांवर छान बसली. पण या चित्रात उंदीर कुठे आहे? मुंबईतला गाठीचा प्लेग मुख्यतः उंदरांवरच्या पिसवांमुळे माणसांत येत होता. चित्रात मात्र रोग माणसाकडून माणसाकडे जातो. ही उणीव खुद्द लेखकांनाही ठाऊक होती. शिवाय प्लेग दर वर्षी ठरावीक मोसमात उसळायचा, म्हणजे उतरणीला ऋतूचाही हातभार असणार. रेषा जुळली, तरी तिच्यामागची कारणे वेगळी असू शकतात.

म्हणून सिम्युलेशन करणारे आजही संगणकाला हात लावण्याआधी कागदावर चौकोन काढतात आणि विचारतात: आपल्याला नेमके काय जाणून घ्यायचे आहे? मोसमाआधी उंदीर मारले तर माणसे वाचतील का, या प्रश्नाला तीन चौकोन मुकेच राहतील. त्यासाठी निरोगी उंदीर, आजारी उंदीर, पिसवा आणि हवामानानुसार कमीजास्त होणारा एक बाण, एवढे तरी नव्याने काढावे लागेल.