अंगठ्याच्या आधी

मे महिन्यात वर्ध्याच्या कोर्टाजवळची नोटरींची टेबलं सकाळीच भरतात. मृगाआधी पीककर्ज हातात पडायला हवं, आणि सातबारा, आठ-अ यांच्या जोडीला बँक कधी प्रतिज्ञापत्र मागते, तर कधी सामाईक खात्यातल्या हिस्सेदारांचं संमतीपत्र. देवळी, सेलूकडची माणसं कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून येतात.

एका टेबलाशी मी सकाळभर बसलो. नोंदवही, जांभळ्या शाईचा पॅड आणि १९५६च्या नियमांत ठरवून दिलेला पाच सेंटिमीटर व्यासाचा गोल शिक्का. हा शिक्का वापरायचा तर साधारणपणे किमान दहा वर्षं वकिली झालेली असावी लागते. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागासवर्गीयांना सात. कॅलिफोर्नियात कर्जाच्या कागदांवर सह्या घेणाऱ्या नोटरीला वकील असावं लागत नाही. नव्याने येणाऱ्याला सहा तासांचा अभ्यासक्रम करून परीक्षा द्यावी लागते. दहा वर्षं मला आधी फार वाटली होती.

एक जण आधीच सह्या केलेला गठ्ठा घेऊन आला. वकीलसाहेबांनी तो न उघडताच परत केला. सही समोर झाली नाही, तर शिक्का कशाची साक्ष देणार?

मग सत्तरीतली एक आजी, सोबत मुलगा. तिनं अंगठा पुढे केलाच होता.

"थांबा आजी. हा कागद कशाचा आहे?"

"पगाराचा."

निराधार योजनेच्या पैशाला इकडे पगारच म्हणतात. वकीलसाहेबांनी मुलाकडे पाहिलं. "तू जरा तिकडं उभा राह्य गा." मग त्यांनी संमतीपत्र ओळीओळीनं वाचून दाखवलं, तिच्या बोलीत समजावत. मुलगा कर्ज घेतो आहे, सातबाऱ्यावर बोजा चढेल, कर्ज थकलं तर बँक वसुलीला वावरापर्यंत येऊ शकते.

"वावर माह्यंच राहीन ना?"

"तुमचंच. पण बोजा फिटेपर्यंत बँकेचाही हक्क राहीन."

निंदण-वेचणीत रेषा झिजलेला अंगठा तिनं पदराला पुसला, शाई लागलेली नसतानाही. बराच वेळ ती कागदाकडे पाहत राहिली.

"मंग पोरीले विचारतो आधी."

"विचारा. उद्या या."

मागे रांग होती. पॅडचं झाकण लागलं, पिशवीत कागद परत गेले. नोंदवहीत त्या अर्ध्या तासाची ओळ नाही.