शिडाच्या नौकेवरची घरगुती वीज

२००९ च्या ऑगस्टात नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेसाठी मुंबईहून निघाले आणि २०१० च्या मे महिन्यात परतले. त्यांची ‘म्हादेई’ ही ५६ फुटी नौका गोव्यात बांधलेली. अशा नौकेला वारा फुकट मिळतो. पण किनारा सुटला की विजेचा खांबही सुटतो! मग घरातला मिक्सर किंवा विजेची शेगडी तिथे चालेल काय? चालेल, पण हिशेब करूनच.

लहान नौकेवर वीज साठते ती बॅटरीत. तिचा दाब बहुधा १२ व्होल्ट आणि प्रवाह एकाच दिशेने वाहणारा. घरातल्या उपकरणांना हवा २३० व्होल्टचा, सेकंदाला ५० आवर्तनं करणारा प्रवाह. हा पालट घडवून आणतो इन्व्हर्टर. मात्र तो वीज निर्माण करीत नाही. तो सराफासारखा नाणं बदलून देतो आणि आपला बट्टा कापून घेतो. हा बट्टा साधारण दहावा हिस्सा धरावा. तो उष्णतेच्या रूपाने जातो.

आता शेगडीचंच पाहा. १००० वॅटला १२ ने भागले की ८३ अँपिअर. बट्टा धरून सुमारे ९३. शंभर अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करू नये, तिचं आयुष्य घटतं. म्हणजे हाती उरले ५०. अर्धा तास शेगडी तापली की शिल्लक संपली! उलट ५०० वॅटचा मिक्सर दोन मिनिटं फिरवला तर जेमतेम दीड अँपिअर-तास जातो. तेव्हा नुसते वॅट पाहून भागत नाही, वेळही पाहावा लागतो.

हे कशासाठी? तर रात्री इतर जहाजांना आपली नौका दाखवणारे दिवे, बिनतारी संच, तळातलं पाणी उपसणारा पंप हे सारे बॅटरीवरच जगतात. भाताच्या पातेल्यापायी दिवे विझणं परवडणारं नाही. स्वयंपाक गॅसवर करावा, आणि एंजिन सुरू करण्याची बॅटरी तर निराळीच ठेवावी.

आणखी काही पथ्यं आहेत. बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंतची तार जाड आणि आखूड असावी, आणि बॅटरीजवळच फ्यूज हवा. नाही तर तार तापून आग लागेल. रेफ्रिजरेटरची मोटर सुरू होताना क्षणभर कितीतरी पट प्रवाह ओढते. इन्व्हर्टर तेवढ्या ताकदीचा हवा. तो कोरड्या, हवेशीर जागी बसवावा. खाऱ्या पाण्याने ओल्या झालेल्या हाताला २३० व्होल्टचा धक्का प्राणघातक ठरू शकतो. म्हणून गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच जाणत्या कारागिराकडून बसवून घ्यावा. आणि काम संपलं की इन्व्हर्टर बंद करावा, कारण रिकामा असतानाही तो थोडी वीज खातोच.

बंदर सोडण्यापूर्वी एका कागदावर प्रत्येक उपकरणाचे वॅट आणि वापराची मिनिटं मांडून पाहावीत. ज्याचा हिशेब जमत नाही, ते उपकरण घरीच ठेवलेलं बरं.